बी-आय-डी, बी-एच-आय-आर

दसरा झाला की आमच्या कॉलेजात पोरं कमी आणि कबुतरं जास्त दिसतात. बालाघाटातलं तालुक्याचं गाव. अर्धा तालुका कोयते बांधून साखर कारखान्यांकडं निघतो आणि त्यांच्या ट्रकवर आमचे काही विद्यार्थीही असतात. मग ग्रंथालयात मी, शिपाईमामा आणि पोलीस भरतीवाली वीस-पंचवीस पोरं एवढेच उरतो. भरतीवाली पोरं पुस्तकं स्वतःची आणतात; आमच्याकडून त्यांना पंखा, खुर्ची, वायफाय आणि थंड पाणी लागतं. तक्रार नाही. पंखा फिरतोय तोवर ग्रंथालय चालू आहे असं मी धरून चालतो.

अशाच एका दुपारी एक पोरगी टेबलापुढं येऊन उभी राहिली. मोबाईल पुढं करत म्हणाली, "सर, सकाळपासून शोधायले. काहीच मिळंना गेलंय."

विषय विचारला. बहात्तरचा दुष्काळ आणि बीड जिल्हा. एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष, संशोधन प्रकल्प, जमा करायला दीड महिना. विषय तिनं स्वतः निवडलेला, कारण तिची आजी त्या दुष्काळात खडी फोडायला होती. (गाईडनं चिकटवलेला विषय असता तर मी खुर्चीतून एवढ्या लवकर उठलो नसतो, खरं सांगतो.)

मोबाईल हातात घेतला. शोधाच्या खोक्यात तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: बीड दुष्काळ 1972 माहिती मराठी पीडीएफ. आमच्याकडची झाडून सगळी पोरं असंच शोधतात. विषय कुठलाही असो, शेपटीला "माहिती मराठी पीडीएफ" लावायचं. दवाखान्यात गेल्यावर काहीही झालेलं असो, एक सुई मागायची, तसं. वर आलं होतं काय? दोन व्हिडिओ, दुष्काळावरचा शाळकरी निबंध आणि 2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली त्याच्या बातम्या.

"बीडचं स्पेलिंग काय टाकलंस?"

"बी डबल ई डी." मग जरा थांबून, "चुकलं का, सर?"

चुकलं नव्हतं. आपण आज तसंच लिहितो. पण बहात्तर सालच्या सरकारी इंग्रजी कागदात तुम्हाला हे बीड भेटत नाही. तिथं असतं बी-एच-आय-आर, भीर. 1969 साली जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं ते भीर जिल्ह्याचं. 1971च्या जनगणनेचे तक्ते भीरचे. नंतरच्या जनगणनांत तेच झालं बी-आय-डी, अगदी 2011लासुद्धा. आणि हे बी-आय-डी तर असं अवघड, की नुसतं तेवढंच टाकलं तर जगातले सगळे लिलाव वर येतात. एका गावाची इंग्रजीत तीन रूपं, आणि पोरगी आजच्या नावानं पन्नास वर्षांपूर्वीचा कागद हुडकत होती.

आपल्या मराठवाड्यात हे दुखणं एकट्या बीडचं नाही. लातूर जिल्हा झाला 1982ला. त्याआधीचं लातूर बघायचं तर उस्मानाबादचे आकडे काढावे लागतात, आणि उस्मानाबाद आता धाराशिव आहे. जालना 1981च्या आधी औरंगाबादेत, हिंगोली 1999च्या आधी परभणीत. अंबाजोगाईचं निजामाच्या राज्यात नाव होतं मोमिनाबाद. विद्यापीठाचंही तेच. 1958ला सुरू झालं ते मराठवाडा विद्यापीठ, 1994च्या जानेवारीत त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. म्हणून नांदेड-परभणी-लातूरच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी त्याआधी केलेली पीएच.डी. शोधताना नांदेडच्या नावाखाली बघून भागत नाही.

1995-96ला मी ग्रंथालयशास्त्र शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला होतो. तेव्हा तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉगची, लाकडी कपाटं असायची; छोटे छोटे ड्रॉवर, आत तळहाताएवढी कार्डं, खालच्या भोकातून जाणारी पितळी सळई. त्यात एक कार्ड असायचं, ज्याच्यावर पुस्तकाचं नावच नसायचं. वर लिहिलेलं मोमिनाबाद, खाली एकच शब्द, "पहा", आणि पुढं अंबाजोगाई. आम्हाला ही "पहा" कार्डं करायचा भयंकर कंटाळा. एका पुस्तकामागं चार-चार. आमचे सर म्हणायचे, वाचक कोणत्या नावानं दारात येईल ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे, नाव चुकलं म्हणून कुणी परत जाता कामा नये. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. त्याचा आम्हाला दिसलेला अवतार म्हणजे ही कार्डं. कपाटं भंगारात गेली, संगणक आले, आणि मोमिनाबादहून अंबाजोगाईला जायचा रस्ता कुणी लिहून ठेवलाय का, हे बघायला कुणाला सवड झाली नाही.

असो. पोरीकडं येतो.

मी भीर टाकलं आणि त्याच्या शेजारी "ड्रॉट". थोडं आलं. मग "ड्रॉट" काढून "स्कार्सिटी" टाकलं, आणि पान भरलं. कारण साहेबाच्या काळापासून आपल्या महसूल खात्याचं इंग्रजी दुष्काळाला स्कार्सिटी म्हणतं. मराठीत टंचाई. गावात माणूस म्हणतो दुष्काळ, तहसीलदार लिहितो टंचाई, हवामानवाला म्हणतो अवर्षण. तीन शब्द तिला वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावले आणि त्यांच्या मध्ये मोठ्या अक्षरात ओ-आर टाकायला शिकवलं, म्हणजे एका झटक्यात तिन्ही शोधले जातात. "रोजगार हमी" टाकलं तर सगळी मनरेगाच येत होती. आपल्या राज्याची योजना 1972ची, कायदा 1977चा, आणि केंद्राचा कायदा 2005चा. धाकट्यानं थोरल्याला पार झाकून टाकलंय. गूगल स्कॉलरमध्ये, म्हणजे संशोधनाचे लेख शोधायच्या गूगलमध्ये, डाव्या बाजूला वर्षं टाकायची सोय असते, तिथं 1972 ते 1980 टाकलं. मनरेगा गायब.

"सर, हे डावीकडचं मी कधी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. मोबाईलवर ते दिसतही नाही, आत कुठंतरी दडलेलं असतं. तिची चूक नाही.

त्यात 1973 सालचा एक लेख निघाला, वुल्फ लाडेजिन्स्की यांचा. जमीन सुधारणेतले मोठे तज्ज्ञ, तेव्हा जागतिक बँकेसाठी भारतात होते. दुष्काळी महाराष्ट्रात फिरून त्यांनी तो 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिला. क्लिक केलं तर दार बंद, लॉगिन मागायला लागलं.

"तुझं एन-लिस्टचं लॉगिन आहे ना?"

"कशाचं, सर?"

आता इथं माझीच एक फजिती सांगतो. मागं एकदा मी वर्गावर्गांत कागद वाटले होते. त्यात प्रश्न होता, एन-लिस्ट माहीत आहे का? होय/नाही. बहुतेकांनी होयवर खूण केली. मी खूश, अहवालात लिहायला चांगलं. कागद गोळा करताना बी.एस्सी.चा एक पोरगा म्हणाला, "सर, एन-लिस्ट कधी लागणार? माझा एम-लिस्टला नंबर नाही लागला." त्याला ती प्रवेशाची यादी वाटली होती. बाकीच्या होयवाल्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. अहवालात लिहिलं ते लिहिलं.

तर एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे विद्यापीठ-कॉलेजांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राची योजना, 2010पासूनची. अनुदानित कॉलेजानं जीएसटी धरून वर्षाला 5,900 रुपये भरायचे आणि 6,000च्या वर ई-जर्नल्स, लाखांवर ई-पुस्तकं आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला उघडून द्यायची. एवढ्या पैशात धड एक परदेशी जर्नल येत नाही. अडतं कुठं, तर ईमेलवर. मी पोरांची यादी वर चढवतो, पासवर्ड त्यांच्या ईमेलवर जातो. आणि ईमेल कुणाचा? प्रवेश अर्ज भरला त्या नेट कॅफेवाल्याचा. आमच्या यादीत एकदा सात पोरांचा ईमेल एकच निघाला. काहींच्या ईमेलात डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन. ज्यांचा स्वतःचा आहे त्यांनी तो मोबाईल घेताना उघडलेला, त्यानंतर तिकडं फिरकलेले नाहीत. व्हॉट्सॲप दिवसातून शंभरदा बघतील, पण मेल म्हणजे त्यांच्या लेखी तहसीलची नोटीस.

हिचाही पासवर्ड बसस्टँडसमोरच्या कॅफेत पडलेला होता. गेलो दोघं. कॅफेवाला भला माणूस, त्यानं इनबॉक्स उघडून दिला. काय नव्हतं त्यात! कुणाचं हॉलतिकीट, कुणाची शिष्यवृत्ती नामंजूर झाल्याचं पत्र, कुणाला मुलाखतीचं बोलावणं, तेही मागच्या वर्षीचं. सगळं न वाचलेलं, ठळक अक्षरात. तो म्हणाला, "सर, मी कुणाकुणाला फोन करू?" पोरीचा पासवर्ड स्पॅममध्ये सापडला. तिथंच खुर्चीवर बसून तिचा नवा ईमेल उघडला, पासवर्ड वहीवर. लेख उघडला तेव्हा सव्वापाच वाजले होते.

लॉगिन एकदा हातात आलं की त्याला कॉलेजची भिंत लागत नाही, हे मात्र पोरांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, ग्रंथालयाच्या वायफायवरच चालतं. मागच्या हंगामात आमचा एक पोरगा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. त्याचा विषयच ऊसतोड मजूर. रात्री कोपीतून त्याचा फोन, "सर, कोयता टाकलं तर हत्यारंच यायलीत." आपल्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या हिशेबातलं एक माप, हे त्या यंत्राला कुठून कळणार? त्याला शब्द दिले: सीझनल मायग्रेशन, शुगरकेन हार्वेस्टर, केन कटर. हार्वेस्टर टाकलं तर ऊस तोडायच्या मशीनचेही लेख येतात हे त्याचं त्यानंच हेरलं आणि शब्दाआधी वजाबाकीचं चिन्ह लावून मशीन घालवलं. दिवसभर मोळ्या बांधून आलेला पोरगा सहा इंची पडद्यावर दोन रकान्यांचा इंग्रजी लेख सरकवत वाचतोय. कसा वाचत असेल, त्याचं त्याला ठाऊक.

2024च्या नोव्हेंबरात केंद्रानं वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, म्हणजे देशभरासाठी जर्नल्सची एकच वर्गणी. तीन वर्षांला 6,000 कोटी, 30 प्रकाशक, 13,000च्या आसपास जर्नल्स. चांगलंच आहे. पण कोयता टाकल्यावर हत्यारं येत असतील, तर 6,000 जर्नल्स काय आणि 13,000 काय.

मराठीत शोधणाऱ्यांचं वेगळंच. मराठी विषयात संशोधन करणारा एक मास्तर लॅपटॉप घेऊन आला. शोधगंगेवरून, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावरून, एक प्रबंध उतरवलेला. पानावर "शेतकऱ्यांच्या" हा शब्द डोळ्यांना दिसतोय, आणि शोध घेतला तर शून्य. तो म्हणाला, व्हायरस असंल. मी पानावरचाच शब्द कॉपी करून शोधाच्या खोक्यात चिकटवला, आणि धडाधड सापडायला लागला. दोन्ही शब्द खालीवर ठेवून आम्ही बराच वेळ बघत बसलो. शेतकऱ्यांच्या. शेतकर्‍यांच्या. डोळ्याला एकच. पण हा जो अर्धा, वाकडा र आहे ना, तो मराठी टायपिंगमध्ये दोन तऱ्हांनी काढता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ धरून त्याचा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालतात. माणूस दोन्हींना एकच वाचतो. यंत्र कधी समजून घेतं, कधी अडून बसतं.

त्याला म्हटलं, शेपूट तोड. नुसतं "शेतक" टाक. शेतकरी, शेतकऱ्यांना, दोन्ही तऱ्हेचे र, सगळं येतं. मध्ये एखादी शेतकी शाळा घुसेल, घुसू दे. विभक्ती लागली की आपला शब्द रूप पालटतो, म्हणून मराठीत शोधायचं तर शब्दाचं खोड तेवढं धरावं. हे त्याला बी.ए.ला व्याकरणात शिकवलेलं होतं, पण व्याकरणाचा असा उपयोग त्याला आणि मलाही त्या दिवशीच कळला.

युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी आजची अक्षरपद्धत, त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या प्रबंधांना मात्र हाही उपाय नाही. कॉपी करून चिकटवलं की इंग्रजी अक्षरांवर टोप्या, उलटे स्वल्पविराम, टक्क्याची खूण, असलं गिचमिड उतरतं. काही तर नुसते स्कॅन, म्हणजे फोटोच. तिथं शोधाचं खोकं बंद करायचं आणि अनुक्रमणिका काढून पानं उलटायची, जुन्या माणसासारखी. शोधगंगेत प्रबंध एकसंध नसतो. प्रकरणाची वेगळी फाईल, अनुक्रमणिकेची वेगळी. शेवटी 80 नंबरची एक फाईल असते, "रेकमेंडेशन" नावाची. शिफारसपत्र समजून पोरं ती उघडत नाहीत. तिच्यात बहुधा शीर्षकाचं पान आणि समारोपाचं प्रकरण असतं. प्रबंध आपल्या कामाचा आहे का ते दहा मिनिटांत कळतं. आमचा मास्तर तोवर सगळ्या फाईली उतरवून पेन ड्राईव्ह भरून बसला होता.

एआयबद्दल हल्ली सगळे विचारतात. एवढंच सांगतो: एकानं बारा संदर्भांची देखणी यादी आणली होती, स्वल्पविराम जागच्या जागी. त्यातले नऊ कुठंच नव्हते. ना पुस्तक, ना लेखक. त्याला वाटलं आपलं ग्रंथालय गरीब आहे म्हणून सापडत नाहीत. पण शब्द सुचवायला तेच यंत्र कामाला येतं. "दुष्काळाला सरकारी इंग्रजीत आणखी काय म्हणतात?" असं विचारलं की बऱ्यापैकी उत्तर देतं. यादी मात्र मागू नये.

त्या पोरीच्या दुपारनंतर मी एक उद्योग केला. तालिकेची कोरी कार्डं माळ्यावर पडून होती, मामांनी झटकून दिली. बुटाच्या खोक्यात ती अकारविल्हे लावली आणि टेबलावर ठेवली. बीड — पहा: भीर, बी-आय-डी. हिंगोली — 1999पूर्वी पहा: परभणी. दुष्काळ — हेही पहा: टंचाई, स्कार्सिटी. कोयता — पहा: केन कटर. पोरांना सांगितलं, तुम्हाला एखादा शब्द फळला तर कार्ड लिहून टाका. पहिले पंधरा दिवस सगळी कार्डं माझ्याच अक्षरातली होती. एक भरतीवाल्यानं टाकलं: फॅन बंद — पहा: मामा.

मग ती आली, आजीला भेटून. मी तिला सांगितलं होतं की आजी बोलेल तसे शब्द लिही, पुस्तकी करू नको. वहीत होतं: खडी, सुकडी, नालाबंडिंग, मिलो.

"मिलो म्हणजे काय, सर? आजी म्हणती, लाल ज्वारी. अमेरिकेची. भाकर गिळायची नाही."

मी म्हटलं, जसं ऐकलंस तसं टाक. एम-आय-एल-ओ. आधी चॉकलेटी पावडरीचे डबे आले. मग शेजारी सॉर्घम, म्हणजे इंग्रजीतली ज्वारी टाकली, इंडिया टाकलं, वर्षं 1972 ते 1974 केली. गहू आणि मिलोच्या आयातीचे कागद उघडायला लागले, इंग्रजीतले, आणि त्यात आजीचाच शब्द, जसाच्या तसा. खडी फोडणाऱ्या बाईच्या तोंडात पन्नास वर्षं तो शब्द होता आणि इतिहासाच्या पोरीला तो गावठी वाटला होता.

तिनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "आजी, तुझं मिलो इंग्रजी निघालं की गं!"

पलीकडून आवाज आला, "इंग्रजी असू दे न्हाईतर फारसी. पोटात दुखायचं त्यानं."

कार्ड तिनं तिच्या अक्षरात लिहिलं. मिलो — पहा: लाल ज्वारी, आयात धान्य, सॉर्घम. मामांनी ते खोक्यात मोमिनाबादच्या आधी सरकवलं.